आजींची तब्येत कशी आहे?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. घर साताऱ्यात, शाळा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, त्यामुळे रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन असते. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात. सासूबाई आमच्याजवळ राहतात. एकच मुलगा, सातवीत आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. "मॅडम, आजींची तब्येत आता कशी आहे?" मला काही कळेना. सासूबाई तर समोर गवार निवडत बसल्या होत्या. मग सगळं बाहेर आलं. घटक चाचणीत गणितात 20 पैकी 7 गुण पडले होते आणि पेपरवर पालकांची सही आणायची होती. ‘आजी आजारी आहे, आई तिला घेऊन दवाखान्यात असते’ असं सांगून याने चार दिवस काढले आणि शेवटी माझी सही स्वतःच ठोकली.

मी त्याच्या मुस्काटात मारली. तो रडला नाही. म्हणाला, "तू पण सरांना हेच सांगितलंस ना फोनवर?" ताई, ते खरं आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला होता, पोषण आहाराची माहिती लगेच भरा म्हणून. पोळ्या व्हायच्या होत्या, डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, "सर, सासूबाईंना दवाखान्यात आणलंय, रात्री भरते." हा तिथेच ओट्याशी उभा होता.

मी रोज परिपाठात सुविचार लिहून घेते, बोधकथा सांगते. वर्गातली 31 मुलं माझं ऐकतात, घरचं एक पोर ऐकत नाही. पूर्वी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सारखा ‘आई, हे बघ ना’ करायचा आणि मी ‘दोन मिनिटं थांब हं’ म्हणायचे. हल्ली तो येतच नाही, आपल्या खोलीत असतो. मिस्टर म्हणतात, सैनिक शाळेत टाकू, सरळ होईल. सासूबाई म्हणतात, आईच घरात नसल्यावर असंच होणार. मैत्रीण म्हणते, संस्कार वर्गाला घाल. मी नोकरी सोडू का? तुम्ही सांगाल ते करेन.

एक शिक्षिका, सातारा

—

सप्रेम नमस्कार.

मी सांगेन ते सगळं करू नका. मुलगा तुमचा आहे, त्याला तुम्ही बारा वर्षं ओळखता. पटेल तेवढं घ्या. नोकरी मात्र सोडू नका, हे आधीच सांगून टाकते. का ते पुढे येईल.

सगळ्यात आधी त्या फोनबद्दल. तुम्हाला वाटतंय, मुलगा खोटारडा निघाला. मला तुमच्या पत्रात खोटारडा मुलगा दिसत नाही. 20 पैकी 7 गुण पडले म्हणून घाबरलेला एक मुलगा दिसतो. त्याला एक कारण हवं होतं आणि घरात एक कारण तयार पडलेलं होतं. आदल्याच आठवड्यात त्याने ते वापरताना पाहिलं होतं, आणि ते चाललं होतं. फोनवरच्या साहेबांनी पुढे एक अक्षर विचारलं नव्हतं. मोठी माणसं ज्या कारणापुढे गप्प होतात ते कारण त्याने उचललं. आजी बदलली नाही, दवाखाना बदलला नाही. त्याला लबाडीच करायची असती तर त्याने काहीतरी नवीन रचलं असतं.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर या दोघींनी एक प्रयोग केला होता, 2014 साली तो प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांची मुलं घेतली. त्यातल्या काहींना एका मोठ्या माणसाने सांगितलं की शेजारच्या खोलीत गोळ्या-चॉकलेटचं मोठं भांडं भरून ठेवलंय. मुलं तिथे गेल्यावर तोच माणूस म्हणाला, भांडं वगैरे काही नाही, तू इकडे खेळायला यावंस म्हणून मी तसं म्हटलं. बाकीच्या मुलांना असं काही फसवलं नाही. नंतर एक खेळ: पाठीमागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही, नुसत्या आवाजावरून ओळखायचं. मोठं माणूस मध्येच काही निमित्ताने बाहेर जातं. शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांमध्ये, ज्यांना आधी फसवलं होतं ती जास्त प्रमाणात वळून बघत होती, आणि ‘बघितलंस का?’ असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारीही त्यांच्यातच जास्त होती. अगदी लहान मुलांत हा फरक दिसला नाही. म्हणजे आपलं खोटं ज्याला कळण्याइतकी समज आली आहे, त्याच्यावरच ते काम करतं. तुमचा मुलगा तर बारा वर्षांचा आहे.

हे वाचून स्वतःला टोचून घेत बसू नका, त्याचा त्याला काही उपयोग नाही. त्याला उपयोग होईल अशी एक गोष्ट करा. त्याच्याजवळ जाऊन बसा. जेवताना नको, गाडीवर मागे बसवून तर मुळीच नको. आणि सांगा: "त्या दिवशी फोनवर मी सरांशी खोटं बोलले. मी दमले होते आणि तसं सांगायची मला लाज वाटली. ते चूक होतं. आणि मी तुला मारलं, तेही चूक होतं." इथे थांबायचं. ‘पण’ म्हणायचं नाही. ‘पण तूही सही करायला नको होतीस ना’ हे तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. त्याच्या सहीचं बोलणं वेगळं आहे, ते दुसऱ्या दिवशी. त्याच बैठकीत दोन्ही हिशोब मांडलेत तर पहिलं बोलणं त्याला दुसऱ्याची प्रस्तावना वाटेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

सासूबाईंनाही सांगा. हसू नका, मी मनापासून सांगतेय. त्या धडधाकट बाईच्या नावावर एका महिन्यात दोन आजारपणं लागली आणि दोन्ही वेळा त्या तिथेच बसलेल्या होत्या. "आई, मी तुमच्या नावावर खोटं बोलले, त्याने ते माझ्याकडूनच उचललं," एवढं नातवासमोर म्हणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव सोयीसाठी वापरायचं नसतं, हे त्याला वेगळं शिकवायची गरज उरणार नाही.

मारण्याबद्दल एकच सांगते, कारण कायदा तुम्हाला पाठ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मुळे वर्गातल्या 31 मुलांवर तुम्ही हात उगारू शकत नाही, आणि पत्रावरून दिसतं की त्यावाचून ती तुमचं ऐकतात. मग घरच्या मुलाला वेगळा न्याय कशाला? व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या कॅनडातल्या संशोधकांनी 2011 साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली होती. एका शाळेत मारायची रीत, दुसरीत नाही. खेळण्याकडे न बघण्याचा असाच खेळ तिथल्या लहान मुलांशी खेळले. मारायची रीत असलेल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं निभावूनही जास्त सफाईने नेलं. माराने मूल खरं बोलायला लागत नाही, सापडू नये कसं ते शिकतं.

आता तुमच्या खोट्याकडे येऊ, कारण त्याच्यामागेही भीतीच आहे आणि ती मला मुलाच्या भीतीहून वेगळी वाटत नाही. संध्याकाळी फोन येतो, माहिती लगेच हवी असते, ग्रुपवर ‘अद्याप न भरलेल्या शाळा’ म्हणून नावांची यादी पडते. अशा वेळी ‘मी दमलेय, मुलगा काही दाखवतोय, उद्या भरते’ हे कारण म्हणून कुणी धरत नाही. धरतात ते फक्त आजारपण. खरं कारण चालत नाही म्हणून शिक्षिका खोटं सांगते, आणि सकाळी तीच परिपाठात सत्याचा सुविचार लिहून घेते. याला मी तुमच्या एकटीच्या स्वभावाचा दोष म्हणणार नाही. त्याच कायद्याचं कलम 27 म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये. परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितलेत, त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे. पोषण आहाराची नोंद कशात मोडते यावर वाद घाला, शिक्षक संघटनांनी तो घालायलाच हवा. पण तो तुमच्या स्वयंपाकघरात, पोळी तव्यावर असताना मिटणार नाही. तुम्हाला आजच्यापुरतं एक वाक्य हवंय, आणि ते खरं हवंय.

मी सुचवते: "सर, मी आत्ता घरी आहे, आत्ता होणार नाही. उद्या शाळेत पोचल्यावर पहिल्यांदा तेवढंच करते." बस्स. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्याची किंमत ठरवली जाते, मग जरा मोठं कारण द्यावं लागतं. पहिल्यांदा हे म्हणताना घशाला कोरड पडेल. साहेब कदाचित चिडतील. दुसऱ्या दिवशी पोचल्यावर खरंच पहिल्यांदा ते काम करा, म्हणजे तिसऱ्या वेळेपर्यंत तुमच्या ‘उद्या’ला किंमत आलेली असेल. आणि हे वाक्य मुलाच्या कानावर पडू द्या. मुद्दाम नाटक नको, पण उठून दुसऱ्या खोलीतही जाऊ नका.

आता मी तुमच्या पत्रात जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले तिथे येते. तुम्ही ते ओघात लिहून गेलात: ‘दोन मिनिटं थांब हं.’

मुलाला आईवडिलांकडून पहिला शब्द मिळतो तो वेळेचा. सायकल घेऊ, फिरायला जाऊ, हे नंतरचं. पहिला शब्द हाच, दिवसातून कितीतरी वेळा दिला जाणारा. आणि तो पाळला जातोय की नाही हे तपासायला मुलाजवळ घड्याळ असतं, भरपूर वेळ असतो, आणि त्याला दुसरं काही काम नसतं. दारात उभं राहून हातातला कागद धरून ठेवायचा. आई भाजी परतते, फोन उचलते, ग्रुपवर बघते, कुकरची शिट्टी मोजते. दहा मिनिटं होतात, वीस होतात. मग त्या कागदातलं काय दाखवायचं होतं त्याचीच गंमत जाते. ‘दोन मिनिटं’ ही उधारी असते, आणि फेडली नाही तर आपण विसरतो, मुलाच्या वहीत ती मांडलेली राहते. तुमच्या मुलाने एके दिवशी उधारीवर माल देणं बंद केलं. म्हणून तो हल्ली दारात येत नाही.

मला हे त्या सहीपेक्षा गंभीर वाटतं. सही करणारा मुलगा निदान तुम्ही रागवाल म्हणून घाबरतो, म्हणजे तुमचं त्याला काही वाटतं. न येणाऱ्या मुलाने आशाच सोडलेली असते. 7 गुण पडल्यावर त्याला तुमच्याकडे यावंसं वाटलं नाही, याचं मूळ गणितात शोधू नका. आलो तर काय मिळेल हे त्याला ठाऊक होतं: आधी दोन मिनिटं, मग बोलणी.

‘मुलाला वेळ द्या’ असं मी म्हणणार नाही. हा सल्ला कोरेगावच्या रस्त्याने रोज स्कूटी हाकणाऱ्या बाईला देणं मला क्रूर वाटतं. वेळ कुठून आणणार? माझं म्हणणं इतकंच की जो द्याल तो खरा सांगा. ‘दोन मिनिटं’ हे दोन शब्द घरातून काढून टाका. त्याऐवजी घड्याळाकडे बघून बोला. "आत्ता नाही, पोळ्या होऊ देत. सव्वाआठला येते." आणि सव्वाआठला गॅस बंद करून, हात पुसून त्याच्या खोलीत जा. तो बोलवेल म्हणून वाट बघू नका, तुम्ही जायचं. फोन ओट्यावर राहू द्या. तो काही दाखवेल असं नाही. पहिले काही दिवस ‘काय झालं?’ म्हणून संशयाने बघेल. ‘काही नाही, सव्वाआठ म्हटलं होतं,’ म्हणा आणि बसा. अभ्यास काढू नका, कपाटातला पसारा दिसला तरी बोलू नका. दहा मिनिटं बसून उठलात तरी पुरे. नाही जमणार असं वाटलं तर ‘आज नाही जमणार’ असं सरळ सांगा. खरं ‘नाही’ मुलं पचवतात हो. लोंबकळत ठेवलेलं ‘हो’ त्यांना पचत नाही.

थोडा हिशोबही मांडते, कारण तुम्हाला शाळेचं फार मोठं वाटतं, म्हणूनच संस्कार वर्ग सुचतो. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास शिकवायचं असतं. वर्षाचे तास 8760. रोजची नऊ तास झोप वजा केली तरी मूल 5475 तास जागं असतं. म्हणजे शाळेच्या वाट्याला त्याच्या जाग्या आयुष्याचा पाचवा हिस्साही पुरता येत नाही. त्यात रविवार सकाळच्या एका संस्कार वर्गाची किती भर पडणार? तिथे तो श्लोक पाठ करेल, चार मित्र मिळतील, त्यासाठी पाठवायचं तर खुशाल पाठवा. खरं बोलणं मात्र तो शिकेल ते घरात खरं बोलणं कितपत परवडतं यावरून.

त्या परवडण्यासाठी काय करायचं? ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारायचा नाही. ‘गृहपाठ झाला का?’ हा प्रश्न, वही कोरी दिसत असताना विचारला, तर तो प्रश्न नसतो, सापळा असतो. सरळ म्हणा, ‘वही कोरी दिसतेय, कुठे अडलं?’ त्याला खोटं बोलायला जागाच ठेवू नका. आणि तो आपण होऊन काही वाईट सांगेल, तेव्हा पहिलं वाक्य सांभाळा. ‘बरं झालं सांगितलंस’ हेच पहिलं यायला हवं. रागवायचं असेल तर ते दुसरं.

सहीचं काय? ते सोडून द्यायचं नाही. तुम्ही तुमची चूक कबूल केलीत म्हणजे त्याची माफ झाली असं नाही, आणि हे त्याला कळायला हवं. त्याने स्वतः जाऊन वर्गशिक्षकांना सांगायचं: आजी आजारी नव्हती, सही मी केली. शब्द त्याचे. तुम्ही सोबत जा, वर्गाच्या दाराबाहेर थांबा, आत त्याच्या वतीने बोलू नका. आधी सरांना एक फोन करून ठेवा की मुलगा स्वतः सांगायला येतोय, वर्गासमोर त्याचा तमाशा होऊ नये. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, असा मुलगा तुमच्यासमोर आला तर तुम्ही काय कराल याचा विचार करा, बहुतेक शिक्षक तेच करतात. मग त्याच पेपरवर तुम्ही तुमची खरी सही करा, 7 गुणांच्या शेजारी.

त्यानंतर तो पेपर दोघांनी समोर ठेवून बघा. गुण बघू नका, गणितं बघा. सातवीला पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार येतो आणि तिथे बरीच मुलं गडबडतात. उणे गुणिले उणे अधिक कसं होतं हे कुणी नीट दाखवलं नाही तर मुलं नियम पाठ करतात आणि बेरीज-वजाबाकीलाही तोच लावतात. उणे 3 आणि उणे 4 यांची बेरीज विचारली की अधिक 7 लिहितात. तुमच्या मुलाचे 13 गुण कदाचित अशाच एका गैरसमजात गेले असतील. एकच गाठ सुटली तर पुढचा पेपर लपवण्याजोगा राहणार नाही. एवढं मात्र घरी शिक्षिका होऊन करा. बाकी वेळी त्याची आई राहा. घरात सुविचार नको, बोधकथा नको, ‘बाळांनो’ म्हणतानाचा तो वर्गातला सूरही नको. मुलांना तो सूर दारातूनच ओळखू येतो आणि ती लगेच शेवटच्या बाकावर जाऊन बसतात.

नोकरीचं म्हणाल तर कारण साधं आहे. तुम्ही घरी बसलात तर त्याच्या मनात कायमचं राहील की आईने माझ्या एका खोट्यापायी नोकरी सोडली. बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हे ओझं का ठेवायचं? शिवाय आई सकाळी आवरून निघते, दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवते, महिन्याला स्वतःचं कमावते, हे पाहत वाढणं हाही एक संस्कारच आहे. सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण त्यांच्यावर डूखही धरू नका. तुम्ही घरात नसता तेव्हा त्या असतात. त्याला दुपारी गरम जेवायला त्याच वाढतात.

तुम्ही साताऱ्यात राहता म्हणून एक आठवण करून देते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं स्वतः करत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचं वाक्य नुसतं भिंतीवर राहिलं नाही. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ती मुलं चारित्र्यावरची भाषणं ऐकून घडली असं मला वाटत नाही. आपण केलं नाही तर आज रात्री सगळे उपाशी राहतील, हे ठाऊक असलेली मुलं होती ती. तुमच्या सातवीतल्या मुलावर घरातलं असं एखादं काम आहे का, जे त्याने केलं नाही तर खरंच अडेल? पत्रात ते कुठे दिसलं नाही. आई पोळ्या लाटते, आजी गवार निवडते, बाबा शिफ्टला जातात, तो खोलीत असतो.

त्याला एक काम द्या आणि ते त्याचंच राहू द्या. दळण आणणं, रात्रीचा भात लावणं, आजीच्या औषधांची पट्टी संपत आली की दुकानातून आणणं. आजीचं हे शेवटचं काम मला फार योग्य वाटतं. जिच्या आजारपणाचं खोटं सांगितलं, तिच्या खऱ्या गोळ्यांची जबाबदारी त्याच्यावर असू दे. शिक्षा म्हणून नाही, विश्वास म्हणून, आणि तसं त्याला सांगूनच. तो एकदा विसरेल. आठवण एकदाच करा. तुम्हीच धावत जाऊन आणल्या तर काम परत तुमचं झालं.

राहता राहिले तुमचे मिस्टर. पूर्ण पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, ते सैनिक शाळेचं. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 साली सुरू झाली, मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करावं म्हणून. तिथे जाण्यासाठी मुलं जीव तोडून अभ्यास करतात. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो आणि सहावीला किंवा नववीला होतो. सातवीतल्या मुलाला ‘उद्या टाकू’ असं म्हणताच येत नाही. म्हणजे हीसुद्धा घरात हवेत सोडलेली एक धमकीच झाली, आणि मुलाने चौकशी केली तर बाबांचं बोलणंही त्याला पोकळ वाटेल. बिघडलेलं पोर सरळ करायची ती जागा नाही. मुलाला स्वतःला गणवेशाची, मैदानाची ओढ असेल तर नववीच्या परीक्षेला अजून अवधी आहे. तर तो निर्णय बाबांनी त्याच्याशी बसून बोलून घ्यावा. ओढ नसेल तर तो विषय बाबांनीच त्याच्यासमोर बंद करावा, ‘मी रागात बोललो होतो’ असं सांगून.

शिफ्ट कितीही वाकडी असली तरी आठवड्यातून एक सुट्टी त्यांनाही असते. तुम्ही सव्वाआठ पाळताय तसं त्यांनी सुट्टीच्या दिवसाची एक सकाळ पाळावी. अजिंक्यताऱ्यावर चढून यावं, नाहीतर गाडीचं सर्व्हिसिंग त्याला हाताशी घेऊन करावं. उणे संख्यांचं गणित तुम्हाला समजावता येत नसेल तर त्यांनी समजवावं. कारखान्यात मोजमापाशी काम असणाऱ्याला ते तुमच्या-माझ्याहून सोपं जाईल. हे पत्र आज रात्री त्यांना वाचायला द्या, आणि ते पहिल्या पाळीला निघायच्या आधी दोघांनी मिळून एवढंच ठरवा की वर्गशिक्षकांकडे जायचं तर कुठल्या दिवशी, आणि त्या दिवशी मुलासोबत कोण जाणार.